बेटावरची सुट्टी : शाळेचं कॅलेंडर वेगळं, समुद्राचं वेगळं
ताहिती, हवाई की अंदमान? बीदर-कलबुर्गीहून सहकुटुंब निघण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

एप्रिलचं ऊन तापायला लागलं की मोबाईलवर निळ्या पाण्याचे व्हिडिओ फिरायला लागतात. पाण्यावर उभ्या लाकडी झोपड्या, माडाची रांग, खाली दिसणारे मासे. घरातल्या लेकरांनी २०१६ चा ‘मोआना’ पाहिलेला असतो, त्यामुळं “असल्या बेटावर जायचं” हा हट्ट ठरलेला. भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंदकडची बरीच कुटुंबं आता वर्षातून एकदा मोठा प्रवास करतात. कुणाचा मुलगा ऑकलंडला असतो, कुणाची लेक कॅलिफोर्नियात. त्यामुळं बेटावरची सुट्टी ही आता फक्त श्रीमंतांची गोष्ट राहिलेली नाही.

पण बेटाची सहल ही तिरुपती-रामेश्वरमसारखी नसते. तिथं गाडी चुकली तर दुसरी मिळते. बेटावर बोट बंद पडली की माणूस अडकतो, विमान चुकतं आणि वर्षभर साठवलेले पैसे पाण्यात जातात. म्हणून कुठं जायचं हे ठरवण्याआधी कधी जायचं हे ठरवावं लागतं. आणि आपल्या सीमाभागात नेमकी तीच गोष्ट सगळ्यात अवघड आहे. कशी, ते पाहूया.

पॉलिनेशिया म्हणजे नेमकं कुठं?

प्रशांत महासागराच्या नकाशावर एक मोठा त्रिकोण काढा. वरच्या टोकाला हवाई, खाली डावीकडं न्यूझीलंड आणि उजवीकडं चिलीच्या ताब्यातलं ईस्टर बेट, म्हणजे रापा नुई. या त्रिकोणात हजाराहून जास्त बेटं आहेत. ताहिती, बोरा बोरा, सामोआ, टोंगा, कुक बेटं ही त्यातली नावं. ‘मोआना’ या शब्दाचा अर्थच तिथल्या अनेक भाषांत ‘महासागर’ असा होतो. होकायंत्र नसताना तारे, लाटांची दिशा आणि पक्षी पाहून होडीनं ही सगळी बेटं शोधणाऱ्या लोकांचे हे वंशज.

ही बेटं एका देशाची नाहीत. हवाई हे १९५९ पासून अमेरिकेचं राज्य आहे. ताहिती आणि बोरा बोरा फ्रान्सच्या अखत्यारीत येतात. सामोआ स्वतंत्र देश आहे. कुक बेटांचा कारभार स्वतःचा, पण चलन न्यूझीलंडचं. त्यामुळं ‘पॉलिनेशियाचा व्हिसा’ असं काही नसतं. बेट कुणाचं, त्यावर कागद ठरतो.

ते पाणी तसं का दिसतं?

फोटोतलं फिकट निळं, काचेसारखं पाणी म्हणजे लगून. समुद्रात ज्वालामुखी उसळून बेट तयार होतं. त्याच्या कडेनं प्रवाळ वाढतं. पुढं लाखो वर्षांत बेट हळूहळू खाली बसतं, पण प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतं. मधोमध उथळ, शांत पाणी आणि बाहेर प्रवाळाचं कडं, अशी रचना उरते. हे चार्ल्स डार्विननं १८४२ मध्ये मांडलं होतं. उथळ पाणी, खाली पांढरी वाळू आणि वर कडक ऊन, म्हणून तो रंग. बाहेरच्या मोठ्या लाटा त्या कड्यावरच फुटतात.

गंमत म्हणजे ही गोष्ट बीदरच्या माणसाला फार परकी नाही. आपण ज्या दख्खनच्या काळ्या दगडावर राहतो, तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्यावर ऊन-पाऊस होऊन झालेला लाल जांभा म्हणजे बीदरच्या किल्ल्याचा दगड. अनेक भूशास्त्रज्ञ असं मानतात की ज्या तप्त ठिकाणावरून हा लाव्हा आला, त्याच्यावरून भारताचा भूभाग उत्तरेला सरकत गेला आणि मागं लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी बेटांची माळ तयार झाली. आज ते तप्त ठिकाण रियुनियन बेटाखाली आहे. हवाई आणि ताहितीची बेटं अशाच पद्धतीनं एका ओळीत तयार झाली. पोरांना किल्ला दाखवताना हे सांगितलं तर सहल घरापासूनच सुरू होते.

कुणाला कुठलं बेट सोपं?

भारतातून ताहिती, सामोआ किंवा कुक बेटांना थेट विमान नाही. हैदराबादहून निघून दोन-तीन ठिकाणी विमान बदलावं लागतं आणि वाट बघण्यासह दीड-दोन दिवस प्रवासात जातात. ताहितीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागं आहे. म्हणजे बीदरमध्ये सोमवारी सकाळचे ९ वाजले असतील तर तिथं रविवारी संध्याकाळचे साडेपाच. सात दिवसांच्या सुट्टीत दोन दिवस जायला, दोन यायला आणि दोन झोपेचं गणित जुळवायला गेले, तर हातात उरतं काय? म्हणून इथून थेट तिकडं जाणं आठवड्याच्या सुट्टीत परवडत नाही, पैशानंही आणि वेळेनंही.

ज्यांची लेकरं परदेशात आहेत, त्यांचं गणित मात्र बदलतं.

मुलगा-मुलगी अमेरिकेत असेल आणि आई-वडील पाहुण्यांच्या व्हिसावर तिकडं गेलेच असतील, तर हवाईला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. ते देशातलंच विमान. सॅन फ्रान्सिस्कोहून होनोलुलु साधारण साडेपाच तास.

मुलं ऑकलंडला असतील तर कुक बेटांमधलं रारोटोंगा चार तासांच्या अंतरावर आहे. बेटाला फेरी मारणारा रस्ता जेमतेम ३२ किलोमीटरचा. बस दोनच, एक घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आणि एक उलट. आजी-आजोबा चुकायचा प्रश्नच नाही. मात्र मधे आंतरराष्ट्रीय वाररेषा येते. ऑकलंडहून शनिवारी निघालं की रारोटोंगाला शुक्रवारी उतरतो. हॉटेलचं बुकिंग करताना इथंच घोळ होतो, तारीख दोनदा तपासा. आणि न्यूझीलंडमध्ये परत यायचं असेल तर तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे का, हे निघण्याआधी बघा.

ताहितीचं बघायचं झालं तर फ्रान्सचं नाव ऐकून अनेकांना वाटतं की युरोपचा शेंगेन व्हिसा चालेल. ताहिती शेंगेन क्षेत्रात येत नाही, तिथले नियम वेगळे आहेत. अर्ज करतानाच हे स्पष्ट विचारून घ्या. वाटेत ज्या देशात विमान बदलायचं, तिथला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तेव्हाच विचारा.

जेवणाची चिंता घरातल्या बायकांना जास्त असते. तिकडं मासे-मांस भरपूर, पण एक गोष्ट ओळखीची निघेल. तिथलं मुख्य पीक ‘तारो’ म्हणजे आपला अळू, ज्याला आपल्याकडं काही घरांत चमकुरा म्हणतात. कंद उकडून खातात आणि पानं नारळाच्या दुधात शिजवतात. आपल्या अळूच्या भाजीची लांबची बहीणच. फणसाचा भाऊबंद नीरफणसही तिथं रोजच्या जेवणात असतो. तरी भडंग, शेंगाचटणी आणि दशम्या सोबत असलेल्या बऱ्या. फक्त न्यूझीलंडसारख्या देशांत खाण्याचे पदार्थ विमानतळावर फॉर्ममध्ये लिहून सांगावे लागतात, लपवले तर दंड होतो.

तीन राज्यं, तीन सुट्ट्या

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं एकच कुटुंब तीन राज्यांत विखुरलेलं असतं. एक भाऊ बीदरला, बहीण उदगीर-लातूरला दिलेली, दुसरा भाऊ नोकरीसाठी हैदराबादला. सगळ्यांनी मिळून जायचं म्हटलं की लेकरांच्या सुट्ट्या जुळत नाहीत.

कर्नाटकात शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुटतात आणि मेअखेर उघडतात. तेलंगणात एप्रिलच्या शेवटी सुटून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मे सुरू झाल्यावर सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते. वर्षानुसार आणि बोर्डानुसार चार दिवस मागं-पुढं होतात, पण सगळ्यांना मोकळा असा काळ म्हणजे फक्त मे महिना.

हिवाळ्याआधीची सुट्टीही तशीच. कर्नाटक आणि तेलंगणात मोठी सुट्टी दसऱ्याला, महाराष्ट्रात दिवाळीला. आत्याची पोरं मोकळी असतात तेव्हा मामाच्या पोरांची परीक्षा असते.

समुद्राचं कॅलेंडर काय सांगतं?

आता हे समुद्राशी जुळवून बघा.

भारतात मान्सून सगळ्यात आधी पोचतो तो अंदमान-निकोबारला, साधारण मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कधी त्याच्याही आधी. म्हणजे केरळच्या आधी. त्यानंतर समुद्र खवळतो, बोटी रद्द होतात, पाण्याखालचं काही दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही तिकडं पाऊस आणि बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा धोका असतो. अंदमानचे खरे चांगले महिने डिसेंबर ते मार्च. तेव्हा आपल्याकडं शाळा चालू.

म्हणजे तिन्ही राज्यांतल्या भावंडांना एकत्र जायचं असेल तर हातात उरतो तो मेचा पहिला आठवडा, फार तर दहा-बारा दिवस. उकाडा आणि दमटपणा असतो, पण समुद्र बहुतेक वेळा शांत असतो. ‘मेच्या शेवटी पॅकेज स्वस्त आहे’ असं कुणी म्हणालं तर ते स्वस्त का आहे, हे आता तुम्हाला कळलं असेल.

दक्षिण पॉलिनेशियात उलटं. ताहिती आणि रारोटोंगा विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं मे ते ऑक्टोबर हा तिथला कोरडा, थंड काळ. वादळांचे महिने नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे आपल्या शाळेचं कॅलेंडर लांबच्या बेटाशी जुळतं आणि जवळच्या बेटाशी जुळत नाही. ज्यांची लेकरं ऑकलंडला आहेत त्यांनी मे-जूनची भेट ठरवताना हे लक्षात ठेवावं.

जवळचं बेट : अंदमान आणि लक्षद्वीप

बहुतेक वाचकांसाठी व्यवहारी पर्याय अंदमानच. बीदरहून हैदराबादचा विमानतळ रस्त्यानं तीन-साडेतीन तासांवर आहे. तिथून थेट किंवा चेन्नई, बेंगळुरूमार्गे विमान मिळतं. पासपोर्ट लागत नाही, ओळखपत्र पुरतं. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. हॅवलॉक बेट २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील बेट शहीद द्वीप. तिकिटावर जुनं नाव, पाटीवर नवं, म्हणून गोंधळू नका.

मराठी माणूस तिथं सेल्युलर जेल पाहायला जातोच. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीन उरल्या आहेत. बाबाराव आणि विनायक सावरकर ही भावंडं इथं होती, शिवाय बंगाल-पंजाबचे कितीतरी क्रांतिकारक. पोरांना नुसता फोटो काढून परत आणू नका. एवढ्याशा कोठडीत वर्षं काढणं म्हणजे काय, हे तिथं उभं राहूनच कळतं.

अंदमानचं नियोजन करताना चार गोष्टी :

एक, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी श्री विजयपुरमला मुक्कामाला या. स्वराज द्वीपहून त्याच दिवशी बोटीनं येऊन विमान पकडायचं ठरवलं आणि बोट रद्द झाली, तर सगळ्या कुटुंबाची तिकिटं गेली.

दोन, तिथं घड्याळ भारताचंच, पण बेट फार पूर्वेला. पहाटे पाचला उजाडतं आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला सूर्य मावळतो. आपल्यासारखं दहाला नाश्ता करून निघालं तर अर्धा दिवस गेला.

तीन, छोट्या बेटांवर नेटवर्क दगा देतं. रोख पैसे, बुकिंगच्या छापील प्रती आणि रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा.

चार, बाराटांगच्या गुहांकडं जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं थांबणं, फोटो काढणं, त्यांना खायला देणं गुन्हा आहे. तसंच किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणणंही. वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासलं जातं.

फोटोतलं लगूनच बघायचं असेल तर अंदमानपेक्षा लक्षद्वीप जास्त जवळचं. ती खरोखरची प्रवाळबेटं. कोचीहून जहाज किंवा अगत्तीला विमान. पण तिथं भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, राहायच्या जागा कमी आहेत आणि पावसाळ्यात पर्यटन जवळपास थांबतं. परवाना हातात आल्याशिवाय परत न मिळणारं तिकीट काढू नका.

पाण्यात उतरताना

हा भाग कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

आपल्याकडची पोरं विहिरीत, मांजरा नदीत पोहायला शिकलेली. “त्याला पोहता येतं” असं आपण सहज म्हणतो. पण विहिरीचं पाणी ओढत नाही, समुद्राचं ओढतं. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी परत जायला एक अरुंद वाट शोधतं. त्या जागी लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं आणि लोक नेमके तिथंच उतरतात. तो प्रवाह माणसाला आत ओढून नेतो. अशा वेळी किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावं, मग आत यावं. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करून मदत मागावी.

लगूनच्या शांत पाण्यातही हा धोका असतो. प्रवाळाच्या कड्याला जिथं खिंड असते, तिथून आतलं पाणी जोरानं बाहेर जातं. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय त्या बाजूला जायचं नाही.

प्रवाळावर अनवाणी चालू नका, पाय कापतो आणि जखम चिघळते. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. खाडीच्या तोंडाशी आणि पाटी लावलेल्या जागी पाण्यात जायचं नाही. जीवरक्षकानं शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर यायचं. स्कूबा करायचं असेल तर दमा, हृदयविकार, कानाचा त्रास लपवू नका. आणि स्कूबानंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसायचं नाही, म्हणून ते शेवटच्या दिवशी ठेवू नका.

आजी-आजोबांना बोट लागते. गोळी बोट हलायला लागल्यावर नाही, डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यायची. बोटीत मधल्या भागात बसवा, तिथं हेलकावे कमी.

कागदावरचं नाव

सीमाभागात ही जुनी डोकेदुखी. महाराष्ट्रातल्या शाळेच्या दाखल्यावर मुलगा-वडील-आडनाव असं पूर्ण नाव, कर्नाटकातल्या कागदावर नुसती आद्याक्षरं, आधारवर तिसरंच स्पेलिंग. सासर-माहेर दोन राज्यांत असलेल्या बायकांचं तर नावच बदललेलं. विमानाच्या तिकिटावर जे नाव, तेच ओळखपत्रावर लागतं. घरगुती सहलीला आधार बघा, परदेशाला पासपोर्ट. दोन्हींत फरक असेल तर आधी दुरुस्ती, मग तिकीट. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून मेच्या सहलीची कागदं डिसेंबरातच काढून बघावीत.

पैसे देण्याआधी

पॅकेज घेताना ‘सगळं त्यात आलं’ या शब्दावर जाऊ नका. बोटीचं तिकीट, हॉटेलचं नाव, जेवण, प्रवेश फी हे लेखी घ्या. वादळामुळं बोट किंवा विमान रद्द झालं तर जादा मुक्कामाचा खर्च कुणाचा, हा प्रश्न आधी विचारा. पावती जीएसटी क्रमांकासह घ्या आणि पैसे शक्यतो कंपनीच्या खात्यात भरा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नको. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून तिकीट खरंच निघालंय का ते स्वतः बघा. परदेशी पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो बुडीत खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरलं की करात वळता होतो किंवा परत मिळतो. त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या.

शेवटी एवढंच. लांबचं बेट म्हणजे भारी आणि जवळचं म्हणजे साधं, असं काही नसतं. सगळ्या भावंडांची पोरं एकत्र पाण्यात खेळली आणि सगळी सुखरूप घरी आली, तर सहल साधली. त्यासाठी आज रात्रीच लातूर आणि हैदराबादला फोन करा आणि पहिला प्रश्न विचारा : “तुमच्या पोरांची शाळा कधी सुटते?”